न्हाणीघराचा इतिहास : अभ्यंगापासून आजव्याच्या पाण्यापर्यंत

गणपतीच्या जन्माची गोष्ट आपल्या घरातल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असते. पार्वती स्नानाला बसली, अंगाला लावलेले उटणे तिने चोळून काढले, त्याचीच एक बाळमूर्ती केली, तिच्यात प्राण घातले आणि न्हाणीघराच्या दारावर पहाऱ्याला बसवले. पुढे शंकर आले, वाद झाला, हत्तीचे मस्तक आले. तो भाग आपण रंगवून सांगतो. गोष्टीचा आरंभ मात्र भरभर उरकतो. खरे तर आपला लाडका देव जन्मला तो उटण्यातून, आणि त्याला पहिली कामगिरी मिळाली ती न्हाणीघराची राखण करण्याची.

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा आमच्या मनात हीच गोष्ट घोळत होती. बडोद्याच्या मराठी घरांत गायकवाडी इतिहासाला तोटा नाही. लढाया, राजवाडे, संगीतशाळा, ग्रंथालये यांच्या कथा आपण ऐकत वाढलो. पण आपले पणजोबा-पणजी रोज सकाळी अंग कसे धूत, अंगाला काय लावत, कातडीची काळजी कशी घेत, हाही इतिहासच आहे. तो घराघरांत आहे आणि तो सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. आमची नोकरी राज्य सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या कामातली. त्यामुळे प्रत्येक गोष्टीकडे आधी पाण्याच्या बाजूने पाहण्याची खोड आम्हाला लागली आहे. ती वाचकांनी सांभाळून घ्यावी.

बंब, घंगाळ आणि पाट

दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांत न्हाणीघर बहुधा मागच्या अंगाला असे. तांब्याचा बंब, पितळेचे घंगाळ, बसायला पाट, कोनाड्यात तेलाची वाटी, पिठाचा डबा आणि पाय घासायला वज्री, एवढा सगळा सरंजाम. आमच्या आजीच्या हातात त्या न्हाणीघराचा कारभार होता आणि तिचे कायदे ठरलेले होते.

आधी तेल, मग पीठ, मग पाणी. पाणी कोमट, अंग लाल होईल इतके कढत घेतलेले तिला खपत नसे. डोक्यावरून घ्यायचे पाणी अंगावरच्या पाण्याहून निवलेले हवे. कानामागे, काखेत आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत ती स्वतः हात घालून पाही. अंग पंच्याने टिपायचे, खसाखसा घासायचे नाही. ज्याचा पंचा त्याचा, दुसऱ्याचा पंचा घेतला की धपाटा. थंडीत रात्री झोपताना तळपायांना तेल. टाचांना भेगा पडल्या की कोकमाचे तेल. कोकणातले कोणी पाहुणे आले की त्याचा पांढरा घट्ट गोळा हमखास आणत. तो विस्तवावर पातळ करून भेगांत भरायचा. घरात कोणाला खरूज झाली की सगळ्यांचे कपडे उकळत्या पाण्यात आणि सगळ्या गाद्या-गोधड्या गच्चीवर उन्हात.

या कायद्यांची कारणे तिने कधी सांगितली नाहीत आणि आम्ही विचारली नाहीत. ती कारणे शोधायला आम्हाला चाळिशी उजाडावी लागली.

वैद्यांनी काय लिहिले

आजीच्या बहुतेक कायद्यांचे मूळ जुन्या वैद्यकग्रंथांत सापडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोजच्या वागणुकीचा अध्याय आहे. त्यात अंगाला तेल का लावावे हे सांगताना तीन साध्या वस्तूंची उदाहरणे घेतली आहेत : तेल मुरलेला मातीचा घडा, तेल पाजलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस. या तिन्ही वस्तू जशा टिकतात तसे तेल लावलेले शरीर टिकते, असे चरक म्हणतात. स्पर्शाचे इंद्रिय त्वचेत राहते, म्हणून त्वचेला स्नेहाची गरज जास्त, हे कारणही ते देतात. तेलाला संस्कृतात ‘स्नेह’ म्हणतात. मायेलाही तोच शब्द आहे. आजीच्या हातून तेल लावून घेतलेल्या कोणालाही हा शब्द एकच का, हे सांगावे लागणार नाही.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. अभ्यंग रोज करावा, त्यातही डोके, कान आणि पाय यांना तेल विशेष लावावे, असे तो सांगतो. त्यानंतर उद्वर्तन, म्हणजे अंगाला कोरडे चूर्ण चोळणे. उटणे हा आपला शब्द याच उद्वर्तनातून आला. त्याने अंगातला जडपणा कमी होतो आणि त्वचा प्रसन्न होते, असे वाग्भट म्हणतो. ऊन पाणी मानेखाली घेतले तर बळ देते, पण तेच डोक्यावर घेतले तर केसांना आणि डोळ्यांना अपायकारक, हेही त्याच अध्यायात आहे. अपचन झालेल्याने, कफाने बेजार असलेल्याने अभ्यंग करू नये, असा अपवादही त्याने घातला आहे. म्हणजे हे सरसकट सगळ्यांना लागू करायचे व्रत नव्हते. माणूस पाहून, ऋतू पाहून करायची गोष्ट होती.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना स्नानालाही मानाचे स्थान आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. राजाकडे सुगंधी तेले आणि मर्दन करणारे निष्णात लोक असत. आपल्या घरांत तीळ किंवा खोबऱ्याचे तेल आणि आजीचे दोन हात असत. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक, पण क्रम तोच : तेल, चूर्ण, पाणी.

पिठाचे रहस्य

साबण नव्हता म्हणून लोक पीठ वापरत, असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो. पाण्याच्या कामात पडल्यावर या समजुतीला तडा गेला.

दख्खनचा काळा पाषाण असो की गुजरातचा गाळाचा प्रदेश, विहिरीचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, काही ठिकाणी मचूळही. जड म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबण त्या क्षारांशी मिळून एक पांढरट, चिकट साका तयार करतो. बादलीच्या कडेला बसतो तोच हा साका. तोच अंगावरही राहतो आणि अंघोळीनंतर कातडी ताणल्यासारखी, खाजरी वाटते.

हरभऱ्याचे किंवा मसुरीचे पीठ मात्र पाणी जड की हलके हे पाहत नाही. ते अंगावरचे जास्तीचे तेल आणि त्यात अडकलेली धूळ शोषून घेते आणि पाण्याबरोबर निघून जाते. शिकेकाई आणि रिठा यांना फेस येतो, पण तो साबणाचा नव्हे. त्यांच्यातल्या फेसाळ द्रव्याचा जड पाण्यात साका होत नाही. म्हणजे विहिरीच्या पाण्याला जे साजेल तेच आपल्या लोकांनी निवडले होते. नाइलाजापेक्षा त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव अधिक होता.

दुसरी गोष्ट आम्लतेची. निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्ल असतो, त्याचा सामू साधारण 5 च्या आसपास. साध्या साबणाचा सामू 9 ते 10, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी. रोज दोनदा सर्वांगाला साबण फासला की वरच्या थरातला नैसर्गिक स्निग्धपणा धुऊन जातो आणि तो भरून यायला वेळ लागतो. तरुणपणी हे जाणवत नाही. पन्नाशीनंतर, विशेषतः थंडीत, पायांच्या नडग्या पांढऱ्या पडून खाजू लागतात तेव्हा कळते. आधी तेल लावून मग पीठ लावण्याच्या पद्धतीत अंगावर तेलाचा एक पातळ थर शिल्लक राही. आजचे त्वचारोगतज्ज्ञ अंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच मलम लावा म्हणतात. हेतू तोच, मार्ग निराळा.

सणांचे वेळापत्रक

रोज अभ्यंग करायला कष्टकऱ्याला सवड कुठली? म्हणून आपल्या सणांनी वर्षातले काही दिवस त्यासाठी बांधून ठेवले. नरक चतुर्दशीची पहाट म्हणजे थंडीचा उंबरठा. कातडी कोरडी पडायला लागते त्याच दिवसांत तेल आणि उटणे अंगाला लागते. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, चंदन अशी सुगंधी आणि औषधी द्रव्ये. भोगी-संक्रांतीला कडाक्याच्या थंडीत तीळ : पोटातही आणि न्हाण्याच्या पाण्यातही. गुढीपाडव्याला पुन्हा अभ्यंग, सोबत कडुनिंब, कारण पुढे उन्हाळा, घामोळी आणि गळवे.

माणसाच्या आयुष्यातही असेच थांबे आहेत. बाळ जन्मले की त्याला तेल लावून पायांवर आडवे घेऊन न्हाऊ घालायचे. लग्नात हळद. बाळंतिणीला मालीश आणि शेक. या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे आणि ती आपण सहसा बोलत नाही. हे सगळे हात बायकांचे होते. पहाटे उठून बंब पेटवणे, शिकेकाई उकळणे, पीठ दळणे, दहा जणांना न्हाऊ घालणे आणि शेवटी उरलेल्या पाण्यात आपली अंघोळ उरकणे. जुन्या न्हाणीघराची आठवण गोड वाटते ती त्यात न्हाऊन निघणाऱ्यांना. ते चालवणारीला ती तितकीच गोड वाटत होती का, हे विचारायचे राहूनच गेले.

आजव्याचे पाणी

आता मूळ गोष्टीकडे, म्हणजे पाण्याकडे येऊ. तेल, उटणे सगळे पाण्यापुढे दुय्यम. धुवायला स्वच्छ आणि पुरेसे पाणी नसेल तर बाकीचे उपचार फुकट. खरूज, नायटा, गळवे हे रोग पाणी अपुरे असलेल्या वस्तीत अधिक फैलावतात, हे आरोग्यशास्त्र आज ठामपणे सांगते.

एकोणिसाव्या शतकातले बडोदे विहिरी, वावा आणि तलाव यांच्या पाण्यावर जगत होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून 1875 साली दत्तक आलेले सयाजीराव महाराज गादीवर आले आणि त्यांनी शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर आजवा येथे सूर्या नदीवर मोठे सरोवर बांधून घेतले. 1892 साली ते पाणी नळांतून शहरात आले. त्या वेळी बडोद्याची वस्ती लाखाहून थोडी अधिक होती. सरोवर शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी आपल्या उताराने वाहत येते. जुन्या मंडळींच्या बोलण्यात ‘आजव्याचे पाणी’ हा शब्दप्रयोग अजून कौतुकाने येतो. पावसाचे साठवलेले हे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा हलके. डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो. साबण आपल्या घरांत पुढे रुळला, त्याला हे नळाचे पाणीही एक कारण असावे, असे आम्हाला वाटते.

पायऱ्यांच्या विहिरीचा आणखी एक काटा होता : नारू. वावेत पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय बुडवून घागर भरत. ज्याच्या पायाला नारूचा फोड असे त्याच्या फोडातून अळ्या पाण्यात सुटत, पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांच्या पोटात जात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने हात-दोन हात लांबीचा जंत तयार होई. तो कातडी फोडून पायातून बाहेर पडे. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा, हा त्यावरचा उपाय. आमच्या आजोबांच्या पोटरीवर त्याचा वण होता. या रोगावर लस निघाली नाही, औषधही निघाले नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसवणे, पाणी फडक्याने गाळून पिणे, एवढ्यावर देशाने तो संपवला. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. आजची तरुण मुले हा शब्दही ओळखत नाहीत. यापेक्षा मोठे यश ते कोणते?

पाणी कोणाला?

इथे एक अवघड गोष्ट लिहिणे भाग आहे. उत्सवाच्या स्मरणिकेत ती लिहावी का, असे मनात आले. पण ती वगळली तर हा लेख अर्धा राहील.

1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकून आले होते. अस्पृश्यांच्या मुलांसाठी महाराजांनी त्याआधी कितीतरी वर्षे शाळा काढल्या होत्या. तरीही या शहरात बाबासाहेबांना राहायला घर मिळाले नाही. एका पारशी वसतिगृहात ते नाव बदलून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि ते कामाठी बागेत, आजच्या सयाजी बागेत, झाडाखाली बसून राहिले. त्यांच्या चरित्रात आणखी एक उल्लेख येतो : कचेरीत त्यांना प्यायला पाणीसुद्धा मिळत नसे. आजव्याचे पाणी शहरात येऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. नळ आला होता, पण नळाखाली सगळ्यांचे भांडे आले नव्हते. दहा वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच गोष्टीसाठी.

आणि हे केवळ पुस्तकातले नाही. ज्या आजीने आम्हाला पायांची बेचकी कोरडी करायला शिकवले, तीच आजी मागच्या गल्लीतून मैला साफ करायला येणाऱ्या बाईच्या ओंजळीत वरून, हातभर अंतर ठेवून पाणी घाली. त्या बाईच्या हातांना सतत चिरा पडलेल्या असत. आमच्या घरातली घाण उचलून त्या चिरा पडल्या होत्या. त्यांना लावायला आमच्या कोनाड्यातले कोकमाचे तेल कधी बाहेर गेले नाही. आजीवर आमचा जीव होता आणि आजही आहे. पण स्वच्छतेचा अभिमान सांगताना हे लपवले तर तो अभिमान खोटा. आपल्या सोवळ्यात आपण आपली कातडी जपली आणि दुसऱ्याची विटाळ मानली, हेही आपल्या न्हाणीघराच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

साबण आला

1888 साली इंग्लंडहून लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. मागोमाग 1895 साली लाइफबॉय आला. पण सोवळ्याच्या घरांत साबणाला सहज प्रवेश नव्हता, कारण त्यात जनावरांची चरबी असे. ही अडचण ओळखून आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत वनस्पती तेलापासून साबण काढला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो बाजारात आला. गंमत अशी की त्यांचा ‘नंबर दोन’ साबण आधी आला आणि ‘नंबर एक’ नंतर. रवींद्रनाथ ठाकूरांनीही या स्वदेशी साबणाची शिफारस केली होती. तिकडे म्हैसूर संस्थानाने बंगळूरला सरकारी साबण कारखाना काढला आणि चंदनाच्या तेलाचा साबण घरोघर पोहोचवला. स्वदेशीच्या चळवळीत साबण लावणे हेही देशकार्य ठरले.

आपल्या घरांत साबण आधी पाहुण्यांसाठी आला, मग दिवाळीत आला, मग रोजचा झाला. बायकांची पहाटेची दोन तासांची मेहनत त्याने वाचवली, हे उपकार मान्य केले पाहिजेत. हात धुण्यासाठी साबणाला तोड नाही. जुलाबाच्या रोगांपासून त्याने किती मुले वाचवली याची गणती नाही. चूक साबणाची नाही. हातांना लागणारा साबण आपण सर्वांगाला, तोही दिवसातून दोनदा, गरम पाण्यासोबत लावू लागलो, तिथे गणित बिघडले.

आपलेच घेऊन आपल्यालाच

आपल्या या सवयी जगात गेल्या आणि नवी नावे घेऊन परत आल्या. ‘शांपू’ हा इंग्रजी शब्द आपल्या चंपीवरून गेला. पाटण्याचे दीन महंमद यांनी 1814 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रायटन येथे बस्तान बसवले, तिथे मर्दन-स्नानाचे गृह काढले आणि इंग्लंडच्या राजाचे मर्दनतज्ज्ञ म्हणून नाव कमावले.

हळदीची कथा तर सर्वांना ठाऊक हवी. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत 1995 साली पेटंट देण्यात आले. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुराव्यादाखल मांडून त्या पेटंटला आव्हान दिले आणि 1997 साली ते रद्द झाले. इथे एक धडा आहे. ‘आजी लावायची’ एवढे सांगून तो खटला जिंकता आला नसता. लिहून ठेवलेले होते म्हणून जिंकला. घरातल्या रीती लिहून ठेवा, असे आम्ही सर्वांना विनवतो ते यासाठी.

याच हळदीचे मलम मुंबईच्या परळ भागातून केशव विष्णू पेंढरकरांच्या विको कंपनीने बाजारात आणले. ते औषध मानायचे की प्रसाधन, हा करखात्याशी वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. प्रश्न वरवर पाहता कराचा, पण विचार करण्याजोगा. आपल्या जुन्या रीतीत औषध आणि प्रसाधन असे दोन कप्पे नव्हतेच. निरोगी तेच सुंदर.

ते कप्पे पडले आणि ‘निरोगी’च्या जागी ‘गोरी’ आली. 1975 साली गोरेपणाचे मलम बाजारात आले. 2020 साली त्याच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला गेला, पण आपल्या लग्नाच्या जाहिरातींतून तो अजून पूर्ण गेलेला नाही. विठोबा सावळा, राम सावळा, कृष्ण सावळा आणि सून मात्र गोरी हवी. त्वचेचा रंग हा तिच्यातल्या रंगद्रव्याचा, आणि ते रंगद्रव्य उन्हापासून रक्षण करते. तो दोष नव्हे, चिलखत आहे.

काय ठेवावे, काय सोडावे

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या घरी एकाला नायटा झाला. दुकानातून एक मलम आणले, दोन दिवसांत खाज गेली, मलम बंद केले. पंधरा दिवसांनी तो दुप्पट होऊन परतला. पुन्हा मलम. वर्षभरात घरातल्या चौघांना गजकर्णाच्या चकत्या. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा कळले की त्या मलमात स्टिरॉइड होते. ते खाज दाबते आणि आत बुरशी वाढू देते. डॉक्टरांनी योग्य औषध दिले, ते चट्टे गेल्यावरही सांगितले तितके दिवस चालू ठेवायला बजावले आणि मग घरासाठी नियम सांगितले : प्रत्येकाचा पंचा वेगळा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा, बेचकी कोरडी ठेवा, ओले कपडे अंगावर ठेवू नका. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे सगळे आम्हाला न्हाणीघराच्या कोनाड्यापाशी फुकट शिकवले होते. आम्ही ते विसरलो होतो.

म्हणून ठेवण्यासारखे ते ठेवू. कोमट पाणी, थोडक्यात अंघोळ. साबण हातांना, काखेत, जांघेत, पायांना. बाकी अंगाला बेताने. थंडीत अंघोळीआधी खोबरेल किंवा तीळतेल, नाहीतर अंघोळीनंतर लगेच साधे मलम. वेगळा पंचा. उन्हात काम असेल तर टोपी, पूर्ण बाह्या आणि जमल्यास सनस्क्रीन. आजीचा पदर हेच काम करी.

सोडण्यासारखे तेही सोडू. तान्ह्या बाळाला पिठाने रगडून लव काढणे सोडावे, त्याची कातडी फार नाजूक असते. मोहरीचे तेल बाळाच्या त्वचेला त्रास देऊ शकते. जखमेवर शेण-माती लावणे धोक्याचे. चिठ्ठीशिवाय मलम आणणे तर आधी सोडावे. आणि अंगावर फिकट, बधीर चट्टा दिसला की लपवू नये. तो कुष्ठरोग असू शकतो, सरकारी दवाखान्यात त्याची औषधे मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. हा चट्टा लपवण्याची लाज हाही आपल्या जुन्या सोवळ्याचाच अवशेष आहे.

आमच्या घरचा बंब आता दिवाणखान्यात आहे. घासूनपुसून चकचकीत, त्यात शोभेची फुले. पाहुणे कौतुक करतात. यंदा दिवाळीच्या पहाटे तो खाली उतरवायचा, असे घरात ठरले आहे. बंब पेटवण्याची आणि सगळ्यांना न्हाऊ घालण्याची पाळी या वेळी घरातल्या पुरुषांची. आणि आपल्या सोसायटीचा कचरा रोज पहाटे उचलून नेणाऱ्या ताईंकडे कोकमाच्या तेलाचा एक गोळा पोहोचवायचा, हेही ठरले आहे. फार उशिरा सुचले, पण सुचले.

उटण्यातून जन्मलेल्या त्या देवाला एवढीच प्रार्थना, की त्याने न्हाणीघराच्या दारावर जरूर पहारा करावा, पण पाणी मागायला आलेल्या कोणालाही अडवू नये. गणपती बाप्पा मोरया!